बेडूक आणि नवरी

३ मार्च

नाही हो भावजी, हाताचा काही संबंध नाही. छातीनं गेले तुमचे थोरले भाऊ. सकाळी कॉफी घेतली, "आज पाणीदार झालीय" म्हणाले, मी म्हणलं, "मग उद्या तुम्ही करा," आणि बूट घालायला वाकले ते वाकलेच. दोन बोटं मिटत नाहीत म्हणून माणूस मरत नाही. डॉक्टरला मी विचारलंसुद्धा. तुमच्यासाठीच विचारलं, कारण मला माहीत होतं की तुम्ही पहिलं हेच विचारणार. अकरा वर्षांत तुमचं पहिलं पत्र, त्यात दुःखाच्या दोन ओळी आणि हाताची चौकशी पानभर! तूरीनच्या कारखान्यात मोटारींचे दरवाजे बसवून बसवून तुमचं डोकंपण तसंच झालंय. एकदा लागलं की आतून कुणी ढकललं तरी उघडत नाही.

मी बरी आहे. काळे कपडे मला आधीपासूनच खुलून दिसायचे. आमचे पाद्रीबाबा म्हणतात, मल्लेना विधवा झाली पण तिची जीभ अजून सौभाग्यवती आहे. मी म्हणलं, बाबा, तिला कुणी मागणी घातली तर कळवा.

खालची चाकूंची भट्टी जानेवारीपासून थंड आहे. ऐरणीवर मांजरीनं बाळंतपण केलंय. आणि म्हणूनच लिहितेय. किनाऱ्यावरचा एक दुकानदार दोनदा येऊन गेला. अत्तर इतकं लावतो की शेळ्या शिंकतात. त्याला भट्टी नको, ऐरण नको, मांजर तर नकोच. त्याला फक्त आपला शिक्का हवाय, तुमच्या आजोबांचा, मेंढ्याच्या डोक्याचा. पाती कुठूनतरी पोत्यानं येणार, त्यावर आपला मेंढा उठवणार, आणि उन्हाळ्यात समुद्रावर आलेल्या पाहुण्यांना विकणार.

तुम्हाला आजोबांचा नियम पाठ असेल. दर वर्षी मेंढ्यांच्या कातरणीच्या जेवणाला ह्या भट्टीतला एक नवा चाकू ताटावर आलाच पाहिजे. ज्या वर्षी येणार नाही त्या वर्षी शिक्का विहिरीत. कातरणी जूनच्या पहिल्या रविवारी आहे. म्हणजे एकतर अत्तरवाला, नाहीतर विहीर, नाहीतर तुम्ही. माझ्या आवडीचा क्रम उलटा आहे.

तुमची (तुम्ही विसरलात तरी) वहिनी,
मल्लेना


२६ मार्च

"मी पुन्हा चाकूला हात लावणार नाही" हे तुम्ही एका पत्रात तीनदा लिहिलंय. मी तिसरीपर्यंतच शिकले, पण एकदा लिहिलेलं वाचता येतं मला.

बरं, आता ऐका. तोंडावर बोलायला तुम्ही कधी आलाच नाहीत, म्हणून कागदावर बोलते.

थोरल्यांचे चाकू म्हणजे बेडूक. गावच म्हणायचं, "लारेन्तुचा बेडूक दे रे इकडे." शिंगाची, मातीच्या रंगाची जाड मूठ, सुटलेलं पोट. पण दिवसभर मेंढ्यांचे खूर तासा, खुंट्या छिला, तळहातावर वळ उठायचा नाही. गिऱ्हाइकाला आधी डोळे मिटायला लावायचे आणि मग चाकू हातात द्यायचे. "चाकू डोळ्यांनी धरायचा नसतो." लग्नाच्या पहिल्या आठवड्यात ऐकलं मी हे वाक्य. मी म्हणलं, "बायको तरी कुठं!" तेव्हा लाजायचे.

आणि तुमचे चाकू म्हणजे नवऱ्या. दुधासारखं शिंग, कमरेला पितळेचं कडं, डोंगरातल्या मुर्ताच्या झुडपाचं पान असतं तसं निमुळतं पातं, आणि मूठ एवढी बारीक की वाटावं बासरीसारखी वाजवायची आहे. थोरले म्हणायचे, "ही पाणी भरणार नाही, नुसती दारात उभी राहणार." तुम्ही म्हणायचात, "दादा, दारात कुणी उभंच नसेल तर माणूस घरी कशाला येईल?" मी दोघांना वाढत असायचे आणि दोघांकडून हसायचे. तेव्हा ते भांडण नव्हतं. जेवणातलं मीठ होतं.

मग ती कातरणी. शहरातल्या प्रदर्शनात बक्षीस मिळालेली तुमची नवरी तुम्ही थोरल्यांच्या ताटाशी ठेवलीत. "दादा, आज बेडूक खिशातच झोपू दे." सगळे हसले, थोरलेपण हसले. भाजलेल्या मेंढीचा सांधा सोडवायला जोर लावला आणि पातं मिटलं. दोन बोटांवर. आपल्या घडीच्या चाकूला ना स्प्रिंग ना कुलूप, एका खिळ्याच्या घट्टपणावर सगळं पातं उभं. थोरले रक्ताचा हात धरून म्हणाले, "रूप बघत बसलास, खिळा बघितला नाहीस." वीस माणसांसमोर. सोमवारच्या बसनं तुम्ही गेलात, आणि हत्यारांची पेटी माझ्या दारात ठेवून गेलात.

हे तुम्हाला माहीत आहे. आता माहीत नसलेलं सांगते.

जखम भरली, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटेनात. आणि मग काय झालं? त्यांना स्वतःचाच बेडूक धरवेना! जाड मुठीला सगळी बोटं लागतात हो. तीन बोटांत ती साबणासारखी निसटते. आठ दिवस शिव्या घातल्या. पाव, चीज, मला, सगळ्यांना. नवव्या दिवशी खणातून तुमची एक जुनी नवरी काढली. तुम्ही विशीत केलेली, कडं जरा वाकडं बसलेली. ती बसली की बरोबर तीन बोटांत. मी बघत होते, तर माझ्यावरच ओरडले, "काय बघतेस? चीज वाळलंय!"

अकरा वर्षं तोच चाकू खिशात होता. गावात जेवायला गेलं की ताटाच्या आडोशाला धरायचे, कुणाला कडं दिसू नये म्हणून. सगळ्या गावाला माहीत होतं. कुणी बोललं नाही, कारण आमच्या गावात लोक चांगले आहेत आणि पाठीमागं हसायला भरपूर जागा आहे. शवपेटीतपण त्यांच्या खिशात तोच घातलाय मी.

मग तुम्हाला लिहिलं का नाही म्हणाल. एकाच आईचं दूध प्यायलात ना दोघं? मग मला काय विचारता.

त्या बक्षिसाच्या नवरीचं काय झालं विचारलंत. कापडात गुंडाळून खालच्या खणात आहे. त्या दिवसापासून कुणी उघडलेली नाही. बाकी आणखी विचारू नका.

आणि आपल्या डोंगरातला कडू मध पाठवा म्हणता. मध नाही. ह्या घरात आम्ही मध ठेवत नाही. चेस्टनट पाठवतेय, त्यानं भागवा.

मल्लेना


१९ एप्रिल

ईस्टर झाला. तुम्ही उत्तर दिलं नाहीत, पण चेस्टनटची पिशवी धुऊन परत पाठवलीत. म्हणजे रागावला नाहीत. रागावलेला माणूस पिशवी धुत नाही.

काल अत्तरवाला आला, नमुन्याचा चाकू घेऊन. मी आणि बोबोरेकाका बाकल्याच्या शेंगा सोलत बसलो होतो. बोबोरेकाका आठवतात ना? वरच्या कुरणाचे. तुम्ही गेलात तेव्हा त्यांना दात होते.

अत्तरवाल्यानं मखमलीतून चाकू काढला. मोत्यासारखी चमकणारी मूठ, त्यावर मेंढा कोरलेला, शिंगं, खूर, लोकर, सगळं.

"काकी, बघत राहावंसं वाटतं की नाही?"

"वाटतं की," मी म्हणलं. "काका, डोळे मिटा."

काकांनी डोळे मिटले, हात पुढं केला. चाकू धरला आणि दचकले. "कोण चावतंय मला?"

"नक्षी आहे ती," अत्तरवाला म्हणाला.

"नक्षी बाहेरून असावी माणसा. ही आत शिरतेय." तरी काकांनी चीज कापायला घेतलं. चार फोडी झाल्या आणि तळहात उघडून दाखवला. मेंढा जशाच्या तसा उमटला होता, खुरांसकट. "मल्लेना, ह्यानं माझ्यावरच शिक्का मारला. आता मला विकतो का काय, विचार."

"काका, आजकाल चाकू कापायला कोण घेतं?" अत्तरवाला हसत म्हणाला. "लोक भिंतीवर लावतात."

"मग त्यांना खिळा दे. भिंतीला तोच लागतो."

अत्तरवाला गेला, पण शिक्क्यासाठी कातरणीपर्यंत थांबतो म्हणून गेला. मला वाटलं काका आता बेडकाचं गुणगान करणार. तर नाही. शेंगा बाजूला सारल्या आणि म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला मी जिवंतपणी बोललो नाही, आता बोलतो. तीन बेडूक हरवले माझे. एक पाणवठ्यावर राहिला, एक कुंपणावर, एक कुठं देव जाणे. आठवलं तरी परत जायला पाय उचलले नाहीत. आणि तुझ्या दिराची, बाकिसची नवरी एकदा मेंढवाड्यात राहिली, तर अर्धा डोंगर उतरलेला मी परत चढलो. देखण्या वस्तूवर माणूस जाता येता हात ठेवतो, म्हणून ती हरवत नाही. हा पण उपयोगच की!"

"मग नवरीच चालवा अजून."

"अंगठा धरत नाही माझा. नवरी बारीक पडते, बेडूक जड पडतो. मला तिसरंच कुणीतरी पाहिजे."

"ह्या वयात!" मी म्हणलं. काकांनी शेंगेचं साल फेकून मारलं.

ते गेल्यावर मी खाली भट्टीत गेले. खणात काय सापडलं ते सांगते. सात पाती, तयार, धार लावलेली. आणि सात मुठी, सगळ्या अर्धवट. वरून बेडूक आणि खालून नवरी व्हायला निघालेल्या. थोरले हे कधी करत होते मला पत्ता नाही. भट्टीत जाऊन डुलक्या काढतात असं मी समजायचे. सातही मुठी एकाच जागी बिघडल्यात, पोट संपून कंबर सुरू होते तिथं. ती वळणाची जागा त्यांना जमली नाही. ती तुमची होती.

एक पाठवतेय. चाकू दिला की घेणाऱ्यानं नाणं द्यायचं, नाहीतर माया तुटते, हे खरं. पण ह्याला पातंच नाही, नुसती मूठ काय तोडणार? तेव्हा नाणं नको. फक्त हातात धरून बघा. काही करू नका. शिंग चांगलं वाळलेलं आहे, चार वर्षांचं, पुन्हा वाकडं व्हायचं नाही.

काही करू नका म्हणलंय हां.

मल्लेना


१२ मे

केलंतच ना!

"चाकूला हात लावणार नाही" म्हणणारा माणूस नऊ दिवस जेवणाच्या सुट्टीत, दरवाज्यांच्या कानशीनं, शिंग घासत बसतो. मुकादमानं विचारलं तर काय सांगितलंत? मोटारीला मूठ बसवतोय? आणि वर नाणं चिकटवून पाठवलंत, मी नको म्हणलं असताना. असू दे. मायेच्या बाबतीत थोडं जास्तच दिलेलं बरं.

मूठ घेऊन मी स्वतः वरच्या कुरणावर चढून गेले, ह्या गुडघ्यांनी. बोबोरेकाकांना डोळे मिटायला लावले आणि हातात दिली. त्यांनी धरली. हवेत पाव कापला, हवेत खूर तासला, मग अंगठा त्या वळणावर नेला, पोट संपतं तिथं, आणि तिथंच ठेवला. काही बोलले नाहीत. भावजी, बोबोरेकाका बोलले नाहीत! मी इतकी घाबरले की विचारलं, "छातीत दुखतंय का?"

मग डोळे उघडून बघितलं. उन्हात धरली, फिरवली, शिंगातली ती मधाच्या रंगाची रेघ तुम्ही बरोबर पाठीवर आणलीत ती बघितली. आणि खिशात घातली.

"काका, पातं नाही त्याला."

"माहितीये. सवय होऊ दे."

परत मागितली तर देईनात. शेवटी काठीचा आकडा लावून काढली खिशातून, आणि काका वाटेपर्यंत मागं आले, "हात स्वच्छ आहेत ना तुझे?" विचारत.

उतरताना मी एकटीच हसत होते. जानेवारीपासून पहिल्यांदा पोट दुखेपर्यंत हसले. वाटेत बसून थोडी रडलेपण, पण ते हसण्यातलंच होतं. थोरल्यांना दाखवायला पाहिजे होती ही मूठ. डोळे मिटून धरली असती आणि मग लबाडीनं एक डोळा उघडला असता.

अत्तरवाल्याला निरोप धाडलाय. येऊ नका, शेळ्यांना सर्दी झालीय.

पाती आहेत, मूठ आहे, शिक्का आहे. खिळा तेवढा ठोकायचाय. या.

मल्लेना


२० मे

तुमचं पत्र काल आलं आणि मी पोस्टमनच्या गालाचा मुका घेतला. बिचारा नवा आहे, आज आपल्या गल्लीत सायकलवरून उतरलाच नाही.

म्हणजे दोन तारखेची बोट, तीनला दुपारची बस. वरची खोली झाडून ठेवलीय. मांजरीला ऐरणीवरून उठवलं, ती माझ्याशी बोलत नाही. भट्टी पेटवून बघितली, धूर सरळ जातो. गावात तर मी कुणालाच सांगितलं नाही, फक्त बेकरीत सांगितलं, म्हणजे सगळ्यांना कळलं. चार बाया तर विचारून गेल्या, बाकिस अजून एकटाच का? मी म्हणलं, दरवाजे बसवतो, पण आत कुणाला घेत नाही. खरं सांगू, मला फार बरं वाटतंय. काल पहिल्यांदा मी दोन माणसांची कॉफी टाकली आणि चूक झाली असं वाटलं नाही.

आता तुमची अट. "मूठ मी करीन, पण खिळा दुसऱ्या कुणाकडून ठोकून घ्या. मला माझ्या खिळ्याचा भरवसा नाही."

ही ओळ मी काल संध्याकाळपासून वाचतेय. जो खिळा ठोकतो तोच शिक्का मारतो, हे आजोबांच्या नातवाला मी सांगायचं का? दुसऱ्यानं खिळा ठोकला तर तो चाकू आपला नाही. म्हणजे तुम्ही येणार, जेवणार, आणि शिक्का तरीही विहिरीतच.

मी ठरवलं होतं की तुम्ही आलात की गप्प बसायचं. चांगलं वाढायचं, चेष्टा करायची आणि गप्प बसायचं. अकरा वर्षं जमलं, आणखी वीस जमलं असतं. पण ही अट घालून तुम्ही माझी पंचाईत केलीत. मुद्दाम आजच लिहितेय. हे पत्र तुम्हाला बोटीच्या आधी मिळेल. वाचून यायचं नाही असं वाटलं तर नका येऊ. शिव्या द्यायच्या असतील तर पोस्टानं द्या, मी उघडून वाचीन.

त्या कातरणीच्या आदल्या दिवशी मी गोड वड्या करत होते. कडू मधाचा डबा उघडेना. मध गोठून झाकण चिकटलेलं. घरातल्या सुऱ्या जाड, फटीत शिरेनात. थोरले बेडूक घेऊन रानात गेलेले. तुमचा कोट खुंटीवर होता, आणि नवरी कोटाच्या खिशात. दुसऱ्याचा चाकू न विचारता घेत नाहीत, हे ह्या गावात पोरींनापण चालायच्या आधी शिकवतात. मी घेतला. सुऱ्या जाड होत्या हे खरं, पण मला तो एकदा हातात घेऊन वापरायचापण होता. सगळे नुसतं बघायचे, मला धरायचा होता. झाकणाखाली सारला आणि आडवा पिळला. झाकण निघालं, आणि मुठीत कट् असा बारीक आवाज झाला. पातं बोटानं हलायला लागलं. मी मध पुसला, पातं मिटवलं, चाकू खिशात परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तो थोरल्यांच्या ताटाशी ठेवलात तेव्हा मी समोर उभी होते, भाकरीची टोपली घेऊन. मी बघितलं आणि बोलले नाही. "खिळा बघितला नाहीस" म्हणाले तेव्हापण मी तिथंच होते, त्यांच्या हाताला फडकं बांधत.

तुमचा खिळा घट्ट होता, भावजी. सैल मी केला.